चार लाल पट्ट्या

३ जानेवारी

थोरल्या साडूभाऊंस धाकट्या साडूचा कडक सलाम.

आपल्या लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनला या वर्षी पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त स्क्वाड्रनचा युद्धकालीन इतिहास ग्रंथरूपाने लिहिण्याची कामगिरी माझ्यावर सोपवण्यात आली आहे. मी दोनदा नम्रपणे नकार दिला. तिसऱ्यांदा त्यांनी विचारण्याआधीच होकार कळवून टाकला. ग्रंथ चारशे पानांचा असून त्यात सत्तेचाळीस छायाचित्रे आहेत. त्यांपैकी एकोणीस माझी आहेत, हा निव्वळ योगायोग.

एकोणिसाव्या प्रकरणाचे नाव ‘पडद्यामागचे हात’. त्यात आपल्यासारख्या जमिनीवर राबणाऱ्या मंडळींसाठी अर्धे पान राखून ठेवले आहे. स्वयंपाकी, धोबी आणि टपालवाला यांनाही त्यातच बसवायचे आहे, तेव्हा एखादा हलकाफुलका किस्सा शंभर शब्दांत पाठवावा. तक्रारी नकोत.

सोबत पान एकशे बाराची नक्कल जोडली आहे. युद्धाच्या अकराव्या दिवसाची ती सकाळ, ज्या दिवशी मी शत्रूचे विमान पाडले. माझ्या बंदुका आपणच भरल्या होत्या, म्हणून आपल्या नजरेखालून घालतो. चूक सापडणार नाही, पण विचारण्याची रीत आहे.

फाटकाजवळ स्मारकाचा नवा दगड उभा राहणार आहे. लढता लढता पडलेल्यांची नावे त्यावर कोरायची असून ती माझ्या ग्रंथावरूनच घेतली जातील. यादी एप्रिलअखेर पाथरवटाकडे जाईल.

आपला,
धाकटा साडू

(पाकिटाच्या मागे, पेन्सिलीने) भाऊजी, टायपिंग माझ्या गळ्यात पडलंय. ‘योगायोग’ हा शब्द त्यांनी तीनदा बदलून परत तोच ठेवला. ताईला सांगा, बोटं दुखतात. — मेहुणी

१९ जानेवारी

साहेब,

सलाम पोचला. कडक होता, पोस्टात घडीसुद्धा मोडली नाही.

किस्सा मागितलात, घ्या. प्रत्येक विमानात बंदुकीबरोबर चालणारा एक कॅमेरा असायचा, कोणी काय पाडलं ते नंतर बघता यावं म्हणून. अकराव्या दिवशी एकाही कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. का, तर दहाव्या दिवशी मुख्यालयाचे बडे साहेब येऊन गेले आणि त्यांनी चहा कसा घेतला याचं चित्रीकरण करण्यात स्टोअरमधली सगळी फिल्म संपली. उरलेल्या शब्दांत धोब्याला बसवा, बिचारा सडपातळ होता.

आता पान एकशे बारा. ‘बंदुकांची तोंडे रक्तवर्णी पट्ट्यांनी शृंगारलेली होती’ असं लिहिलंत. शृंगार कसला डोंबलाचा! धूळ आणि ओल नळीत जाऊ नये म्हणून मी कापडाचे लाल तुकडे खळीनं चिकटवायचो. चार बंदुका, चार पट्ट्या. पहिली गोळी पट्टी फाडून बाहेर जाते. त्यामुळे विमान उतरलं की आम्हाला लांबूनच कळायचं: पट्ट्या फाटलेल्या म्हणजे साहेब लढून आले, शाबूत म्हणजे हवा खाऊन आले.

बाकी एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुमच्यामागे नंबर दोनच्या विमानात घुम्या होता. दिवसभरात चार शब्द बोलायचा, तेही ‘हो’, ‘नाही’, ‘हो’, ‘बरं’. तो परत आला नाही. तुमच्या पानावर त्याला दीड ओळ आहे: ‘माझ्या साथीदाराने ऐन वेळी जागा सोडली व परतताना तो बेपत्ता झाला.’ म्हणजे दगडावर त्याचं नाव नाही, असंच ना?

विचारण्याचं कारण असं. माझ्या दुकानात शिवणयंत्रं दुरुस्तीला येतात हे तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात एक बाई मशीन घेऊन आल्या, धागा सारखा तुटतो म्हणून. बोलता बोलता म्हणाल्या, माझा थोरला भाऊ विमान चालवायचा. तो पळून गेला असं कागदावर लिहिलंय. चाळीस वर्षं दर वर्षी त्या कार्यालयाला एक पत्र लिहितात आणि दर वर्षी तेच छापील उत्तर येतं. म्हणाल्या, ‘मिस्त्री, तो घरात झुरळाला घाबरायचा नाही, तिथे कसा घाबरेल?’ घुम्याची बहीण ती. मी मशीनमध्ये डोकं घालून बसलो. त्या स्क्वाड्रनात मीही होतो हे सांगायची माझी छाती झाली नाही.

तुमचा,
थोरला साडू

२ फेब्रुवारी

साडूभाऊ,

किस्सा वापरता येणार नाही. ते बडे साहेब हयात असून ग्रंथाची प्रस्तावना त्यांचीच आहे.

आपल्या गिऱ्हाईक बाईंबद्दल मला सहानुभूती आहे. मात्र इतिहास सहानुभूतीवर लिहायचा झाला तर प्रत्येकाच्या बहिणीला विचारावे लागेल. त्या आकाशात आम्ही दोघेच होतो. शत्रू समोर आला. मी मागे पाहिले, तर नंबर दोन जागेवर नव्हता. मी नेम धरला, बटण दाबले, शत्रूच्या पंखातून ज्वाळा निघाली. हा अहवाल मी उतरल्यावर तासाभरात स्वहस्ते लिहिला आहे. त्यात एक अक्षर खोटे नाही.

आणि पुरावा हवाच असेल तर तो आपणच दिलेला आहे. त्या दिवसाची नोंदवही माझ्यासमोर उघडी आहे. ‘चारही पट्ट्या फाटलेल्या. गोळ्यांच्या माळा निम्म्या रिकाम्या.’ खाली आपली सही. अक्षर वाईट आहे, पण आपलेच आहे.

तेव्हा पुराणातली वांगी पुराणातच राहू द्यावीत. आपण शिवणयंत्रे सांभाळा, इतिहास मी सांभाळतो.

आपला,
धाकटा साडू

२० फेब्रुवारी

साहेब,

अक्षर माझंच. सहीही माझीच. आणि अंगठाही माझाच होता.

आता बसून वाचा. खुर्चीला हात असतील तर धरा.

तुम्ही उतरलात, उडी मारलीत, मिठ्या मारत निघून गेलात. मी पंखाखाली आलो आणि वर बघितलं. चारही पट्ट्या शाबूत. सकाळी चिकटवल्या तशा, एकीला सुरकुती पडलेली, तीसुद्धा तशीच. मला वाटलं माझे डोळे फुटले. वर चढून तुमच्या बसायच्या जागेत वाकून बघितलं. बटणाभोवती कडं असतं ना, फिरवून मोकळं करायचं, नाहीतर बटण कितीही दाबा, बंदूक गप्प? ते कडं कुलूपबंद होतं. तुम्ही बटण दाबलंत यात शंका नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण तुमच्या विमानातून त्या दिवशी शिंकसुद्धा बाहेर पडली नाही.

मग शत्रूला कोणी पाडलं? तुम्हीच लिहिलंत, आकाशात दोघेच होतात. घुम्या जागेवर नव्हता कारण तो खालून पुढे गेला होता. तुमचं बटण कुलूपबंद असताना त्यानंच शत्रूला मारलं, आणि मग तो स्वतः कसा गेला ते कोणालाच कळलं नाही.

आता माझं पाप. त्या आठवड्यात माझ्या घरी तुमच्या आणि मेहुणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. स्थळ मीच सुचवलं होतं. पहिल्याच लढाईत जावई कुलूप काढायला विसरला हे मेसमध्ये कळलं असतं, तर जन्मभर तुम्हाला ‘कुलूप’ म्हणून हाक मारली असती, आणि सासऱ्यांनी मला दारात उभं केलं नसतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि अंगठ्यानं चारही पट्ट्या फाडल्या. गोळीनं फाटलेली पट्टी बाहेर उलटते. माझ्या सगळ्या आत दबलेल्या होत्या. कोणीही वाकून बघितलं असतं तर पकडलो असतो. पण साहेब लोक वाकत नाहीत. माळांतल्या निम्म्या गोळ्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानात भरल्या.

तेव्हा वाटत होतं घुम्या दहा मिनिटांत येईल. संध्याकाळी तुमचा अहवाल गेला. मी झाकली मूठ झाकलीच ठेवली. गेलेला गेला, आता जिवंत माणसाचा संसार कशाला मोडा, अशी मी माझी समजूत घातली. ती चाळीस वर्षं पुरली. त्या बाईंच्या मशीननं मोडली.

मला वाटेल ते करा. पण एप्रिलअखेरच्या यादीत घुम्याचं नाव घाला.

थोरला साडू

२८ मार्च

भाऊजी,

महिनाभर तुम्हाला उत्तर नाही म्हणून लिहितेय. तुमचं पत्र त्यांनी शब्दकोशात लपवलं. शब्दकोश मीच वापरते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

वाचल्यावर आधी मला हसू आलं, मग इतका राग आला की ताईला फोन करून नुसतीच रडले. तुमच्यावर का, ते ऐका. माझं लग्न सोमवारी पक्कं झालं. आईचं होकाराचं पत्र ताईच्या उशीखाली होतं. तुम्ही तीन दिवस तळावरून घरीच आला नव्हता, म्हणून तुम्हाला कळलं नाही. लढाई गुरुवारची. मला विमान पाडणारा नवरा कोणी कबूल केला नव्हता. तुम्हीच सांगितलं होतं, मुलगा वेळेवर जेवतो आणि खोटं बोलत नाही. तेवढ्यावर मी हो म्हटलं होतं. तुम्ही अंगठा खिशात ठेवला असता तरी लग्न त्याच तारखेला झालं असतं.

आता यांचं. पंधरा दिवस एकच उद्योग. पदक भिंतीवरून काढलं, पुसलं, परत लावलं, परत काढलं. मग मंगळवारी सकाळी टोपी घालून बाहेर पडले. दुपारी तळावरून फोन आला, ‘बाई, तुमचे साहेब फाटकाजवळच्या विमानात अडकलेत.’ ते चौथऱ्यावर शोभेसाठी ठेवलेलं जुनं विमान आहे ना, त्यात शिडी लावून चढून बसले. पंचविसाव्या वर्षी मावायचे, चौसष्टाव्या वर्षी पोट आडवं आलं. चार जणांनी काखेत हात घालून उपसून काढलं. पहारेकऱ्यानं विचारलं, साहेब, आत काय करत होतात? हे म्हणाले, ‘कुलूप बघत होतो.’

घरी आल्यावर मला फक्त एवढंच म्हणाले, पान एकशे बारा परत टाइप करावं लागेल. पण अजून मजकूर दिलेला नाही. दोनदा लिहून फाडला. यादी जायला महिना उरलाय. तुम्ही आता गप्प बसा, टोमणे मारू नका. ते करतील. न केलं तर टाइपरायटर माझ्याकडे आहे.

मेहुणी

१४ एप्रिल

साडूभाऊ,

मी त्या विमानात बसून पाहिले. डोळे मिटले आणि त्या सकाळची प्रत्येक हालचाल हाताने करून पाहिली. वेगाचा दांडा, पायाखालचे पेडल, सुकाणूची कांडी, बटण. सगळे हाताला आठवले. कडे फिरवल्याचे आठवले नाही. दहा वेळा करून पाहिले, दहाही वेळा अंगठा सरळ बटणावरच गेला.

चाळीस वर्षे मी शाळाशाळांतून ती सकाळ सांगत आलो. शेकडो मुलांना सांगितले असेल की साथीदार पळाला तरी आपण डगमगू नये. साडूभाऊ, मला लाज वाटते. हे वाक्य ग्रंथात येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

पान एकशे बाराचा नवा मजकूर असा:

‘लेखकाने अनेक वर्षांच्या अथक व निःपक्षपाती संशोधनाअंती सिद्ध केले आहे की, युद्धाच्या अकराव्या दिवशी शत्रूचे विमान नंबर दोनच्या वैमानिकाने एकट्याने पाडले व त्याच लढाईत त्याला वीरमरण आले. लेखकाच्या बंदुकांतून त्या दिवशी गोळी सुटली नाही. मूळ नोंदीतील चूक एका कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या अनाठायी आपुलकीमुळे घडली.’

यादी दुरुस्त करून आजच पाथरवटाकडे पाठवली. पदक परत करण्याचा अर्ज केला आहे. कार्यालयाचे उत्तर आले की पदक परत घेण्याचा नमुना त्यांच्याकडे उपलब्ध नाही.

आपला,
धाकटा साडू

२९ एप्रिल

साहेब,

अथक संशोधन आवडलं. माझं एक पत्र वाचण्याइतकं आणि विमानात अडकण्याइतकं संशोधन तुम्ही खरोखरच केलंत. चालू द्या. काम झालं, नाव कोणाचं का लागेना.

पण ‘कनिष्ठ कर्मचारी’ मला चालणार नाही. नोकरीत कनिष्ठ होतो, कबूल. पण गुन्हा मी नोकर म्हणून नाही केला, नातेवाईक म्हणून केला. बिननावाचा कर्मचारी कोण, तर कोणीही. धोब्यावरसुद्धा आळ जाईल. चूक करताना अंगठा वापरला, आता कबूल करताना अंगठा कशाला लपवू? ‘लेखकाचे थोरले साडू’ असं छापा.

आणि मेहुणीचं पत्र वाचलं. सोमवार आणि गुरुवारचा हिशोब वाचून मी दुकान बंद करून घरी आलो. बायकोला विचारलं, उशीखालचं पत्र तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी? करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणायलाही तोंड राहिलं नाही. ज्या अब्रूसाठी केलं ती धोक्यात नव्हतीच.

घुम्याच्या बहिणीला परवा सगळं सांगितलं. तिचं मशीन पुन्हा दुरुस्तीला आलं होतं, टेबलावर अर्धं उघडलेलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, ‘तुम्ही रोज बघत होतात ना त्याला?’ मी म्हटलं, रोज. त्याच्या बंदुकाही मीच भरायचो. त्यावर तिनं सुटे भाग रुमालात बांधले, मशीन उचललं आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेली. वजनदार मशीन आहे. मी धरायला गेलो तर नको म्हणाली.

थोरला साडू

५ सप्टेंबर

साडूभाऊ,

ग्रंथ छापून आला. ‘लेखकाचे थोरले साडू’ असेच छापले आहे. बडे साहेब म्हणाले, इतिहासात साडू कशाला? मी म्हणालो, हा इतिहास साडूमुळेच घडला. त्यांनी प्रस्तावना मागे घेतली. त्यामुळे फिल्मचा किस्सा घेता आला. आपण एकोणिसाव्या प्रकरणात पाऊण पान व्यापता. धोब्याला थोडे सरकावे लागले.

दगडाचे अनावरण अठरा तारखेला सकाळी दहा वाजता आहे. बाईंना मी स्वतः जाऊन निमंत्रण दिले. त्यांनी मला दारात उभे ठेवले आणि पुस्तकाचे ते पान माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले. दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना ‘अथक’ हा शब्द मी गाळला.

एक काम आपल्याकडे आहे. दगडावर पडदा नको, असे ठरले आहे. घुम्याच्या नावावर लाल कापडाची पट्टी चिकटवायची, पूर्वीसारखी, आणि ती बाईंनी फाडायची. चिकटवण्याला जुना हात हवा. खळ आपणच आणावी. मात्र गेल्या वेळचा आगाऊपणा पुन्हा नको. या वेळी फाडण्याचे काम आपले नाही.

आपला,
धाकटा साडू

२० सप्टेंबर

साहेब,

गर्दीत तुमच्याशी बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

भाषण चांगलं झालं. वीस मिनिटांचं लिहून आणलेलं तुम्ही खिशातच ठेवलंत आणि नुसतं म्हणालात, ‘मी बटण दाबलं होतं, पण कुलूप काढलं नव्हतं. माझा साथीदार पळाला नाही, पुढे गेला होता.’ अर्धे लोक हसले, त्यांना वाटलं साहेब विनोद करतात. तुम्ही हसणं संपेपर्यंत थांबलात आणि तेच वाक्य परत म्हणालात. मग कोणी हसलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला साडू असल्याचा अभिमान वाटला. हे छापू नका.

पट्टीचं तुम्ही बघितलंतच. फाडा म्हणून सगळे सांगत होते, बँडवाले श्वास भरून उभे. पण ती बाई जन्मभर कापड शिवत आलीय, फाडणं तिच्या हाताला मानवलं नाही. तिनं नखानं एक कोपरा उचलला आणि हळूहळू, धागा न तुटू देता, अख्खी पट्टी सोडवली. सहा मिनिटं लागली. पाहुणे घड्याळं बघत होते. मी मागे उभा राहून तिचा अंगठा बघत होतो आणि मला माझा आठवत होता. मग तिनं पट्टीची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि दगडावरचं नाव वाचलं.

तुम्ही लोकांना घेऊन चहाकडे गेलात, त्यानंतरचं सांगतो. ती माझ्यापाशी आली. मी मान खाली घालून उभा. म्हटलं, आता काय बोलेल ते ऐकून घ्यायचं. ती म्हणाली, ‘मिस्त्री, मशीन उद्या पाठवते. त्या दुसऱ्याला जमलं नाही, धागा अजून तुटतोय.’

काल सकाळी मशीन आलं. उघडून बसलोय.

थोरला साडू